तिसरा स्ट्राइक, सुटलेला चेंडू आणि डेड बॉल: वाचकांचे प्रश्न, पंचांची उत्तरे

शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू झाले की या सदराकडे सॉफ्टबॉलविषयीची पत्रे वाढतात, आणि त्यांतील बरीचशी एकाच ठिकाणी येऊन अडतात: तिसरा स्ट्राइक (स्ट्राइक म्हणजे बॅटरने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू) झाला, आता पुढे काय? बॅटर आऊट झाली की नाही, चेंडू डेड झाला (म्हणजे खेळ थांबला) की खेळात आहे, रनरने धावायचे की थांबायचे, या प्रश्नांची सरमिसळ झाली की मैदानावर वाद होतात आणि त्यात खेळणाऱ्या मुलामुलींचे नुकसान होते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. उत्तरे जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाच्या फास्टपिच (वेगवान पिचच्या सॉफ्टबॉलच्या) नियमांना धरून आहेत. एखाद्या स्पर्धेने स्वतःचे वेगळे नियम केले असतील, तर ते सामन्यापूर्वी संयोजकांकडून समजून घ्यावेत.

प्रश्न: आमच्या शाळेच्या सामन्यात एक आऊट झालेला होता आणि पहिल्या बेसवर रनर होती. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, म्हणून आमची बॅटर पहिल्या बेसकडे धावली आणि थ्रो येण्याआधी पोचलीही. तरी पंचांनी तिला आऊट दिले. आदल्या सामन्यात मात्र तिसरा स्ट्राइक असाच सुटला, तेव्हा बॅटरला पहिला बेस मिळाला होता. नियम नेमका कोणता?
– क्रीडाशिक्षिका, अमरावती

उत्तर: दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. तिसरा स्ट्राइक कॅचरने जमिनीला लागण्यापूर्वी झेलला नाही, तर पंचांनी दोन गोष्टी पाहायच्या असतात: आऊट किती झाले आहेत आणि पहिला बेस रिकामा आहे का. दोनपेक्षा कमी आऊट असतील आणि पहिला बेस रिकामा असेल, तर बॅटरला धावण्याचा हक्क मिळतो आणि तिला टॅग करून (हातातल्या चेंडूने स्पर्श करून) किंवा तिच्याआधी चेंडू पहिल्या बेसवर पोचवून आऊट करावे लागते. दोन आऊट झालेले असतील, तर पहिल्या बेसवर कोणी असो वा नसो, हा हक्क मिळतोच. आपल्या सामन्यात एकच आऊट होता आणि पहिला बेस व्यापलेला होता. त्यामुळे कॅचरने चेंडू झेलला की सोडला याला काही महत्त्व उरले नाही. तिसरा स्ट्राइक होताच बॅटर आऊट झाली.

हा नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घेतले, तर तो पुन्हा विसरला जात नाही. सॉफ्टबॉलला तो बेसबॉलकडून मिळाला आणि बेसबॉलमध्ये तो अगदी प्रारंभापासून आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली लिहून काढलेल्या नियमांतच असे म्हटले आहे की, तीन वेळा बॅट फिरवून चेंडू हुकला आणि शेवटचा चेंडू झेलला गेला तर खेळाडू बाद. झेलला गेला नाही तर त्याला धावणे भाग आहे. म्हणजे तिसरा स्ट्राइक मुळात स्वतःच्या बळावर आऊट नव्हता. आऊट पूर्ण करण्याचे काम क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाकडेच होते, जसे ते उंच उडालेल्या फटक्याच्या बाबतीत आजही असते.

मग पहिला बेस व्यापलेला असताना अपवाद का? कारण अपवाद नसता, तर हुशार कॅचरने तिसरा स्ट्राइक मुद्दाम खाली पाडला असता. बॅटरला धावण्याचा हक्क मिळताच पहिल्या बेसवरच्या रनरला आपली जागा सोडून दुसऱ्या बेसकडे पळणे भाग पडले असते, आणि कॅचरने पायाशी पडलेला चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर, तेथून पहिल्या बेसवर पाठवून एका चुकलेल्या झेलाच्या बदल्यात दोन आऊट कमावले असते. दोन आऊट आधीच झालेले असतील, तर या लबाडीतून काही लाभ नसतो, म्हणून त्या वेळी अपवादही नसतो.

आणखी दोन बारकावे. पहिला बेस व्यापलेला आहे की नाही हे पिच होते (पिचर बॅटरकडे चेंडू टाकते) त्या क्षणावर ठरते. पिच सुटल्यावर रनरने दुसऱ्या बेसकडे धाव घेतली आणि चेंडू कॅचरच्या हातून निसटेपर्यंत पहिला बेस मोकळा झाला, तरी नियमाच्या दृष्टीने तो व्यापलेलाच होता. दुसरा बारकावा अधिक महत्त्वाचा आहे: बॅटर आऊट झाली म्हणून चेंडू डेड होत नाही. आपल्या सामन्यात बॅटर आऊट झाल्यानंतरही रनरला स्वतःच्या जोखमीवर पुढचे बेस घेता आले असते. तिसऱ्या बेसवरही रनर असती, कॅचरने गोंधळून पहिल्या बेसकडे थ्रो केला असता आणि तेवढ्यात ती घरी पोचली असती, तर तो रन धरला गेला असता. इनफिल्ड फ्लायच्या (बेसवर रनर असताना आतल्या मैदानात उंच उडालेल्या सोप्या झेलाच्या) वेळीही बॅटर आऊट जाहीर होते आणि चेंडू खेळातच राहतो. आऊट आणि डेड बॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेळाडूंना पहिल्या वर्षापासून शिकवावे.

प्रश्न: दोन स्ट्राइक झाले होते, पहिला बेस रिकामा होता. आतल्या बाजूने आलेल्या पिचवर मी बॅट फिरवली, चेंडू बॅटला न लागता माझ्या कोपराला लागून दूर गेला. मी पहिल्या बेसवर पोचले, पण पंचांनी मला आऊट देऊन परत बोलावले. चेंडू अंगाला लागल्यावर बेस मिळायला हवा, आणि तो नाही तर निदान सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर धावण्याचा हक्क तरी मिळायला हवा, असे माझे म्हणणे आहे.
– महाविद्यालयीन खेळाडू, सातारा

उत्तर: आपल्याला लागलेला मार खरा आहे आणि आपली तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु पंचांचा निर्णय योग्य होता. बॅट फिरवून हुकलेले पिच बॅटरच्या अंगाला किंवा कपड्यांना लागले, की त्याच क्षणी चेंडू डेड होतो आणि स्ट्राइक धरला जातो. तो तिसरा स्ट्राइक असेल तर बॅटर आऊट. चेंडू डेड झाल्यावर कॅचरला तो झेलण्याची किंवा उचलण्याची संधीच राहत नाही, त्यामुळे 'सुटलेला तिसरा स्ट्राइक' असे काही उरत नाही आणि धावण्याचा हक्कही उरत नाही. त्या पिचवर बेस चोरण्यासाठी निघालेल्या रनरनाही पिचच्या वेळी असलेल्या बेसवर परत जावे लागते.

पिच अंगाला लागले की पंचाने मनात प्रश्न विचारायचे ते असे. बॅट फिरली का? फिरली असेल तर स्ट्राइक आणि डेड बॉल. फिरली नसेल, तर पिच स्ट्राइक झोनमध्ये (मारण्याजोग्या चेंडूसाठी प्लेटवर ठरलेल्या जागेत) असताना लागले का? बॅटर प्लेटवर फार वाकून उभी असेल, तर असे घडते. तेव्हाही स्ट्राइकच धरला जातो, चेंडू डेड होतो, आणि तिसरा असेल तर बॅटर आऊट होते. बॅट फिरली नाही आणि पिच झोनच्या बाहेर होते, तरच बॅटरला पहिला बेस मिळतो. मात्र तिने मुद्दाम अंग मध्ये घातलेले नसावे. पिच आधी जमिनीवर टप्पा घेऊन लागले, तरी बेस मिळण्यात अडचण नाही. या तिन्ही स्थितींत चेंडू डेड असतो, हे समान आहे.

हाताविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. बॅट धरलेले हात हा बॅटचाच भाग आहे, असे अनेक प्रशिक्षक खेळाडूंना सांगतात. ते खरे नाही. हात हा शरीराचा भाग आहे. बॅट फिरवताना पिच थेट बोटांना लागले तर तो फाऊल (बॅटला लागून मैदानाच्या रेषांबाहेर गेलेला चेंडू) नसून डेड बॉल आणि स्ट्राइक आहे. चेंडू आधी बॅटला लागून मग बॉक्समध्ये उभ्या असलेल्या बॅटरच्या हाताला लागला, तर मात्र फाऊल. दोन स्ट्राइक असताना या फरकावर बॅटरचे आऊट होणे किंवा खेळत राहणे अवलंबून असते, म्हणून पंचाने डोळ्यांइतकाच कानांचाही उपयोग करावा. बॅटवरचा आवाज आणि बोटांवरचा आवाज सारखा नसतो.

प्रश्न: पिच प्लेटच्या आधी जमिनीवर आपटले. बॅटरने तरीही बॅट फिरवली, तो तिसरा स्ट्राइक होता आणि कॅचरने चेंडू ग्लोव्हमध्ये स्वच्छ पकडला. आम्ही जल्लोष करत आत निघालो, तर बॅटर पहिल्या बेसवर जाऊन उभी! असे कसे?
– कॅचर, नागपूर

उत्तर: कारण आपण चेंडू पकडलात, झेलला नाहीत. पिच एकदा जमिनीला लागले, की त्यानंतर ते कितीही सफाईने ग्लोव्हमध्ये आले तरी तो झेल होत नाही. टप्पा पडलेले पिच बॅट फिरवल्याशिवाय स्ट्राइक ठरत नाही, परंतु बॅट फिरवून हुकले तर स्ट्राइक होतो, आणि तिसरा असेल तर तो सुटलेला तिसरा स्ट्राइक मानला जातो. आपण बॅटरला तेथेच टॅग करायला हवे होते किंवा पहिल्या बेसवर थ्रो करायला हवा होता. ग्लोव्ह आणि जमीन यांच्यामध्ये दाबून धरलेला चेंडूही झेल नव्हे. तसेच चेंडू आपल्या ग्लोव्हवरून उडून पंचांच्या मास्कवर आदळला आणि जमिनीला लागण्याआधी आपण तो धरला, तरी तो झेल नाही. हवेत असलेला चेंडू क्षेत्ररक्षकाशिवाय इतर कोणाला वा कशालाही लागला, की तो जमिनीला लागल्याप्रमाणेच धरतात. अशा वेळी चेंडू डेड होत नाही, खेळ चालू राहतो. तो पंचांच्या कपड्यांत किंवा साहित्यात अडकून बसला, तरच डेड.

कॅचरने स्वतःला एक सवय लावून घ्यावी. तिसऱ्या स्ट्राइकवर मनात जराही शंका असेल तर बॅटरला टॅग करावे. बॅटर हाताच्या अंतरावर उभी असते, आणि टॅग करायला काही लागत नाही.

प्रश्न: मी या वर्षीपासून शालेय सामन्यांत प्लेट अंपायर म्हणून उभा राहतो. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटतो तेव्हा काय बोलावे आणि कोणता इशारा करावा, याबद्दल वरिष्ठ वेगवेगळे सांगतात.
– नवोदित पंच, जळगाव

उत्तर: हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण नियम ठाऊक असलेले पंचही येथे इशाऱ्यातून वाद ओढवून घेतात. तिसऱ्या स्ट्राइकच्या वेळी आपल्याला दोन निर्णय एकापाठोपाठ द्यायचे असतात. पिच स्ट्राइक होते का, हा पहिला. बॅटर आऊट आहे का, हा दुसरा. बहुतेक वेळा कॅचर चेंडू झेलते आणि दोन्ही निर्णय एकाच श्वासात देऊन टाकण्याची सवय जडते. ती सवय सुटलेल्या चेंडूच्या वेळी घात करते. म्हणून स्ट्राइकचा पुकारा आणि इशारा स्वतंत्र द्यावा, क्षणभर चेंडूकडे पाहावे, आणि झेल पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावरच आऊट द्यावा.

चेंडू सुटला आणि बॅटरला धावण्याचा हक्क असेल, तर आऊटशी साधर्म्य असलेली कोणतीही हालचाल करू नये. मूठ वर नेऊ नये, 'आऊट' हा शब्द उच्चारू नये. उलट पहिला बेस व्यापलेला असेल, दोनपेक्षा कमी आऊट असतील आणि तरीही बॅटर धावू लागली असेल, तर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात 'बॅटर आऊट, बॅटर आऊट' असे पुकारावे. क्षेत्ररक्षकांनी स्वतः परिस्थिती ओळखायला हवी हे खरे; तरी शाळेतल्या मुलांना निर्णय वेळेवर ऐकू जाणे हा त्यांचा हक्क आहे, असे मी मानतो.

इशारा संदिग्ध असला की काय होते, याचे बेसबॉलमधले उदाहरण जगाला ठाऊक आहे. १२ ऑक्टोबर २००५ रोजी शिकागो येथे व्हाइट सॉक्स आणि एंजल्स यांच्यात अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला दुसरा सामना चालू होता. नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, दोन आऊट, १-१ अशी बरोबरी. ए. जे. पिअर्झिन्स्की याने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवून चेंडू हुकवला. कॅचर जॉश पॉल याला आपण चेंडू झेलला असे वाटले, म्हणून त्याने तो पिचरच्या उंचवट्याकडे घरंगळत सोडला आणि मैदान सोडू लागला. प्लेट अंपायर डग एडिंग्ज यांच्या मते चेंडू जमिनीला लागला होता; परंतु त्यांनी हात बाजूला नेऊन नंतर मूठ आवळली आणि ती मूठ म्हणजे आऊट, असा एंजल्सचा समज झाला. पिअर्झिन्स्की पहिल्या बेसवर पोचला, त्याच्या जागी आलेल्या रनरने दुसरा बेस चोरला, जो क्रीडी याने डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला आणि सामना संपला. चेंडू खरोखर टप्पा पडून आला होता का, यावर आजही वाद होतो. माझ्या मते नव्या पंचाने त्या प्रसंगातून घ्यायचा धडा चेंडूविषयीचा नसून मुठीविषयीचा आहे.

आपण अर्धवट फिरलेल्या बॅटविषयी विचारलेले नाही, पण ते येथेच सांगायला हवे. आपण 'बॉल' (स्ट्राइक नसलेले पिच) दिला, कॅचरच्या विनंतीवरून बेस अंपायरला विचारले आणि त्यांनी बॅट फिरली असे सांगितले, तर तिसरा स्ट्राइक उशिरा जाहीर होतो. तोवर बॅटर आपल्या 'बॉल'वर विसंबून उभीच राहिलेली असते, तर कॅचर चेंडू आणायला गेलेली नसते. निर्णय बदलल्यामुळे कोणा संघाचे नुकसान झाले असेल, तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार नियमांनी पंचांना दिलेला आहे. तो अधिकार वापरावा. मात्र सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दोन स्ट्राइक असताना आणि चेंडू सुटलेला असताना शंका आली, तर सहकारी पंचाला तत्क्षणी विचारणे. जितका उशीर, तितकी गुंतागुंत.

प्रश्न: दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले. तिसरा स्ट्राइक सुटला, कॅचरने चेंडू उचलून फक्त होम प्लेटवर पाय ठेवला. कोणालाही टॅग केले नाही, पहिल्या बेसवर थ्रोही केला नाही. इनिंग संपली का?
– प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर: संपली. बॅटरला धावण्याचा हक्क मिळताच तिन्ही रनरना पुढे सरकणे भाग पडते, म्हणून होम प्लेटवर फोर्स आऊट (टॅग न करता, रनरच्या आधी चेंडूसह बेसला स्पर्श करून मिळणारा आऊट) मिळतो. तिसरा आऊट फोर्सने झाल्यामुळे रन धरला जात नाही. कॅचर चेंडू घेऊन प्लेटच्या जवळ असेल तर हाच मार्ग सर्वांत सुरक्षित आहे. पहिल्या बेसपर्यंतचे १८.२९ मीटर अंतर थ्रोने पार करताना चेंडू भरकटण्याची भीती असते.

प्रश्न: माझी मुलगी तिसऱ्या स्ट्राइकनंतर मान खाली घालून आमच्या बाकांकडे निघाली होती. चेंडू सुटल्याचे मैत्रिणींनी ओरडून सांगितल्यावर ती वळून पहिल्या बेसकडे धावली आणि पोचली. समोरच्या संघाचे म्हणणे, तिने धावण्याचा हक्क सोडून दिला होता. कोणाचे बरोबर?
– पालक, नाशिक

उत्तर: ती संघासाठी राखलेल्या जागेत शिरली नसेल, तर आपल्या मुलीचे बरोबर. बॅटर पहिल्या बेसकडे न जाता संघाच्या जागेत, म्हणजे डगआउटमध्ये शिरली, की ती आऊट होते. तोपर्यंत तिला वळून धावता येते, आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने तिला आऊट करण्याची जबाबदारी पार पाडलीच पाहिजे. काही स्पर्धांत बेसबॉलचे प्रशिक्षक प्लेटभोवतीचे मातीचे वर्तुळ सोडले की बॅटर आऊट, असा दाखला देतात. तो नियम त्या खेळाचा आहे.

अखेरपर्यंत चेंडूकडे पाहत राहण्याने काय साधते हे ५ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर दिसले. जागतिक मालिकेचा चौथा सामना, नववी इनिंग, दोन आऊट आणि ब्रुकलिन डॉजर्स यांकीजविरुद्ध ४-३ ने पुढे. टॉमी हेन्रिकने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. सामना संपला असे सर्वांना वाटले. परंतु चेंडू कॅचर मिकी ओवेनलाही चुकवून मागे गेला होता, आणि हेन्रिक ते पाहून पहिल्या बेसवर पोचला. त्यानंतर यांकीजनी चार रन काढून सामना ७-४ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही. आपल्या मुलीला हा प्रसंग जरूर सांगा.

प्रश्न: दोन स्ट्राइक असताना बॅटला पुसटसा स्पर्श होऊन चेंडू मागे गेला, तर कधी आऊट देतात आणि कधी फाऊल म्हणून पुन्हा खेळवतात. बंटच्या (बॅट न फिरवता चेंडू हळूच अडवण्याच्या) वेळी मात्र सरळ आऊट. हा भेद समजावून सांगावा.
– खेळाडू, पुणे

उत्तर: चेंडू बॅटला लागून सरळ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि तिने तो धरून ठेवला, तर तो फाऊल टिप. फाऊल टिप हा सर्व दृष्टींनी स्ट्राइकच आहे: दोन स्ट्राइक असतील तर बॅटर आऊट, चेंडू खेळात, आणि रनरला चोरलेला बेस टिकवता येतो. तोच चेंडू ग्लोव्हमधून निसटून जमिनीवर पडला, तर तो फाऊल; चेंडू डेड, रनर परत, आणि बॅटर दोन स्ट्राइकवरच पुढे खेळते. लक्षात घ्या की येथे सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकचा नियम लागत नाही. चेंडू बॅटला लागला होता, त्यामुळे ग्लोव्हमधून पडल्यावर तो स्ट्राइकच राहत नाही. बॅटर कधी कधी घाईने पहिल्या बेसकडे पळते आणि कॅचर तिच्यामागे थ्रो करते. पंचाने दोन्ही हात वर करून लगेच डेड बॉल पुकारला नाही, तर भलतीकडेच खेळ सुरू होतो.

बंटचा नियम वेगळा असण्याचे कारण उघड आहे. बॅट स्थिर धरून चेंडू फाऊल करणे सोपे असते, आणि त्यावर मर्यादा नसती तर कुशल बॅटरने पिचरला अंत नसल्याप्रमाणे पिच टाकायला लावले असते. म्हणून दोन स्ट्राइकनंतरचा बंट फाऊल गेला की बॅटर आऊट आणि चेंडू डेड. तो बंट हवेत उडून झेलला गेला, तर बॅटर आऊट होतेच, पण चेंडू खेळात राहतो आणि बेस सोडून निघालेल्या रनरला परतून बेसला स्पर्श करावा लागतो.

प्रश्न: पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वीच पहिल्या बेसवरच्या रनरने बेस सोडला. त्याच पिचवर बॅटरने तिसरा स्ट्राइक हुकवला. एक आऊट आधीच झालेला होता. आम्ही दोन आऊट धरून इनिंग संपल्याचा दावा केला, पंचांनी तो फेटाळला.
– प्रशिक्षक, मुंबई

उत्तर: पंचांनी योग्य केले, आणि मला वाटते हा या सदराकडे आलेला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरचा पाय बेसवर असलाच पाहिजे. तो आधी सुटला, तर त्याच क्षणी चेंडू डेड होतो, रनर आऊट होते आणि ते पिच 'नो पिच' ठरते. म्हणजे पिच झालेच नाही. जे पिच झाले नाही त्यावर स्ट्राइकही होत नाही. बेस अंपायरचा पुकारा गोंगाटात ऐकू आला नाही आणि बॅटरने बॅट फिरवली, इतकेच काय, चेंडू कुंपणापलीकडे मारला, तरी ते सर्व रद्द. बॅटर आधीच्याच बॉल आणि स्ट्राइकवर पुन्हा उभी राहते. आपल्याला मिळाला तो एकच आऊट, रनरचा.

याचा पुढचा टप्पाही ध्यानात ठेवावा. दोन आऊट आधीच झालेले असते, तर रनरचा आऊट तिसरा ठरून इनिंग संपली असती. तेव्हा ती बॅटर आऊट झालेली नसल्यामुळे पुढच्या इनिंगमध्ये तीच पहिली येते, आणि तिच्यावरचे आधीचे बॉल व स्ट्राइक पुसले जाऊन नव्याने मोजणी सुरू होते. गुणलेखकांनी येथे विशेष दक्ष राहावे, कारण पुढची बॅटर आली तर समोरचा संघ चुकीच्या क्रमाबद्दल दाद मागू शकतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत शनिवार-रविवारी मित्रमंडळींसह स्लोपिच (संथ पिचचा सॉफ्टबॉल) खेळतो. तिसरा स्ट्राइक सुटल्यावर धावलो, तर सर्व जण हसले.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: स्लोपिचमध्ये सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर धावता येत नाही, तिसरा स्ट्राइक झाला की बॅटर आऊट. इतकेच नव्हे, तर दोन स्ट्राइकनंतर न झेललेला फाऊलही तेथे तिसरा स्ट्राइक धरला जातो. या सदरातले बाकीचे सर्व फास्टपिचचे आहे.

प्रश्न: सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राइकवर धावताना बॅटरच्या पायाला चेंडू लागून तो लांब गेला, तर? आणि कॅचरचा थ्रो पहिल्या बेसवरून थेट समोरच्या संघाच्या बाकांत गेला, तर? दोन्ही वेळा आमच्याकडे पंचांनी 'डेड बॉल' म्हटले, पण निकाल अगदी उलटे दिले.
– क्रीडाशिक्षक, सांगली

उत्तर: उलटे असणेच बरोबर आहे. पहिल्या प्रसंगात बॅटर-रनरने कॅचरच्या चेंडू मिळवण्यात अडथळा आणला, असे पंचांचे मत झाले तर बॅटर-रनर आऊट, चेंडू डेड आणि इतर रनर आपापल्या मूळ बेसवर परत. दुसऱ्या प्रसंगात चूक क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाची आहे. थ्रो मैदानाबाहेर गेला की चेंडू डेड होतो आणि प्रत्येक रनरला थ्रो हातातून सुटला त्या क्षणी ती जेथे होती तेथून दोन बेस मिळतात. बॅटर-रनर तेव्हा पहिल्या बेसपर्यंत पोचलेली नसेल, तर तिला दुसरा बेस द्यावा. ते बेस तिने क्रमाने स्पर्श करत घ्यायचे असतात. चेंडू डेड आहे म्हणून पहिल्या बेसला वळसा घालून जाता येत नाही.

पहिल्या बेसवर पांढरा आणि रंगीत असा दुहेरी बेस असेल, तर एक सवलतही ठाऊक असावी. एरवी बॅटर-रनर रंगीत भागाकडे आणि क्षेत्ररक्षक पांढऱ्या भागाकडे असते. परंतु सुटलेला तिसरा स्ट्राइक फाऊल बाजूला गेला आणि थ्रो तिकडून येत असेल, तर दोघींनाही कोणताही भाग वापरता येतो. हा नियम टक्कर टाळण्यासाठी आहे, म्हणून सरावातही तो शिकवावा.

प्रश्न: डेड बॉल पुकारल्यानंतर खेळ पुन्हा नेमका केव्हा सुरू होतो? आमच्या सामन्यात पिचरच्या हातात चेंडू आल्याबरोबर तिसऱ्या बेसवरची रनर घराकडे धावली.
– विद्यार्थी, सोलापूर

उत्तर: पिचरच्या हातात चेंडू येणे पुरेसे नाही. पिचर चेंडू घेऊन २.४४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असली पाहिजे आणि प्लेट अंपायरने 'प्ले बॉल' म्हटले पाहिजे. या दोन्ही गोष्टी पूर्ण होईपर्यंत चेंडू डेडच असतो, कोणी आऊट होत नाही आणि कोणाला बेसही घेता येत नाही. आपल्या रनरला तिसऱ्या बेसवर परत पाठवणे, एवढाच निर्णय तेथे होऊ शकतो.